निर्वासित मुलांमधील जंतसंसर्ग : निघण्याआधीच औषध देण्याच्या धोरणाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांच्या शरीरात स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी अनेक दशकांनंतरही जिवंत सापडला. बाकीचे आतड्यातले जंत काही वर्षांत मरतात. हा मात्र शरीराबाहेर न पडता पुढची पिढी वाढवतो, त्यामुळे मायदेश सोडून किती वर्षे झाली याला फारसा अर्थ उरत नाही. तरीही 1970 च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियातले निर्वासित अमेरिकेत येऊ लागले तेव्हा भरवसा होता तो शौच तपासणीवर. स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या अधूनमधून आणि थोड्याच पडतात, एका नमुन्यात त्या बहुतेक वेळा निसटतात. उलट निरुपद्रवी अमीबा दिसला की मुलाला विनाकारण औषध मिळे.

1999 मध्ये दिशा बदलली. आग्नेय आशिया आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून अमेरिकेला निघणाऱ्यांना तपासणी न करताच, विमानात बसण्याआधी अल्बेंडाझोल या जंतनाशकाचा एक डोस देणे सुरू झाले. आता तो 400 मिग्रॅ असतो, एक ते दोन वर्षांच्या बाळाला 200 आणि वर्षाखालच्या बाळाला काहीच नाही.

वाद इथूनच सुरू होतो. निदानाशिवाय औषध का, हा आक्षेप ऐकायला रास्त आहे, पण टिकत नाही. औषध स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित आहे, आणि तीन दिवसांचे तीन नमुने आणून देणारी कुटुंबे कमीच असतात. खरी अडचण या डोसाने जे होत नाही त्यात आहे. गोलकृमी आणि अंकुशकृमी त्याने बरेच कमी होतात. चाबूककृमी अर्धवट टिकतो, स्ट्राँगिलॉइडिसला एक डोस पुरत नाही, शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीला तर तो लागूच पडत नाही. शौचाचा अहवाल स्वच्छ येतो आणि डॉक्टर निर्धास्त होतात. सुदानमधून आलेल्या तरुणांच्या रक्तात पुढे प्रतिपिंडे तपासली, तेव्हा जवळपास निम्म्यांमध्ये स्ट्राँगिलॉइडिसची आणि जवळपास तितक्यांमध्येच शिस्टोसोमाची खूण मिळाली.

म्हणून शिस्टोसोमासाठी प्राझिक्वांटेल (किलोमागे 40 मिग्रॅ) आणि स्ट्राँगिलॉइडिससाठी आयव्हरमेक्टिन (किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, दोन दिवस) जोडले गेले, पण सरसकट नाही. 15 किलोखालच्या मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत. मध्य आफ्रिकेत जिथे लोआ लोआ हा माशीच्या चाव्यातून येणारा कृमी आढळतो तिथल्यांनाही ते आधी देत नाहीत, कारण रक्तात त्याच्या अळ्या फार असतील तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. लोआ आहे का हे पाहण्यासाठी रक्त सकाळी 10 ते दुपारी 2 मध्येच घ्यावे लागते, रात्री घेतलेल्या नमुन्यात अळ्या सापडत नाहीत. झटके येणाऱ्या मुलात अल्बेंडाझोल आणि प्राझिक्वांटेल दोन्ही थांबवतात, कारण मेंदूत फीतकृमीच्या गाठी असतील तर औषधाने त्यांभोवती सूज चढते.

त्यामुळे आज आलेल्या मुलाची तपासणी प्रवासाच्या कागदांपासून सुरू होते : कोणते औषध, किती, कधी, आणि कोणते गाळले. मग इओसिनोफिल, म्हणजे जंतसंसर्गात वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 450 ते 500 च्या वर असतील तर स्ट्राँगिलॉइडिस आणि शिस्टोसोमाची प्रतिपिंडे तपासावीत. नुकतेच औषध झाले असेल तर आकडा काही काळ चढलेलाच राहतो, तो तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बघावा. आकडा सामान्य आहे म्हणून संसर्ग नाही असे धरू नये. लघवीच्या शेवटी रक्त येत असेल तर शिस्टोसोमासाठी सकाळी 10 ते दुपारी 2 मधली, धारेच्या शेवटची लघवी तपासावी. शिस्टोसोमाची प्रतिपिंडे उपचारानंतरही वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह आले म्हणजे औषध फसले असे नव्हे.

दम्यासाठी वा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टेरॉइडचा कोर्स सुरू करण्याआधी स्ट्राँगिलॉइडिस वगळणे, किंवा लोआचा धोका नसेल तर आधी आयव्हरमेक्टिन देणे, ही एक पायरी मात्र चुकवता येत नाही. स्टेरॉइडखाली अळ्या फुप्फुसे आणि रक्तात पसरतात, आणि तेव्हा नेमके इओसिनोफिल घसरलेले असू शकतात.