खालच्या कवळीचे रिबेसिंग : नोंदी आणि देयक

खालच्या जबड्याच्या कवळीतील दात आणि त्यांची चावण्याची जुळणी कायम ठेवून, हिरडीवर बसणारा ॲक्रिलिकचा संपूर्ण पाया नव्याने घडवण्याच्या उपचाराला रिबेसिंग म्हणतात. रिलाइनिंगमध्ये पायाच्या फक्त हिरडीकडील बाजूला नवा थर दिला जातो, तर दुरुस्तीत तडा सांधतात किंवा निखळलेला दात पुन्हा बसवतात. तिन्ही कामांचे कष्ट, वेळ आणि खर्च वेगळे आहेत. नागपुरातला रुग्ण ‘कवळी ढिली झाली होती, नीट करून आणली’ एवढेच सांगतो आणि त्याने तसे सांगण्यात काही वावगे नाही. पण केस पेपरवर आणि बिलावरही ‘कवळी दुरुस्ती’ असे मोघम शब्द उतरले, तर पैसे कशाचे घेतले हे पुढे कोणालाच दाखवता येत नाही.

हा प्रश्न खालच्या कवळीच्या बाबतीत अधिक उद्भवतो. दात काढल्यानंतर जबड्याच्या हाडाची कड झिजत राहते, आणि दंतसंशोधक टालग्रेन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या अभ्यासात पुढच्या भागातील खालच्या कडेची झीज वरच्या कडेपेक्षा सुमारे चौपट आढळली होती. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार मिळतो. खालची कवळी घोड्याच्या नालेच्या आकाराची असून तिच्या वाट्याला जेमतेम अर्धे क्षेत्रफळ येते, शिवाय जीभ आणि गाल तिला सतत हलवत असतात. विदर्भात खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) सवय मोठी असल्यामुळे जुन्या पायावर खोल डाग पडलेले दिसतात आणि काही रुग्णांचे तोंडच पुरेसे उघडत नाही, ज्यामुळे माप घेणे अवघड होते. तोंड किती मिलिमीटर उघडते याची नोंद अशा रुग्णात आवर्जून करावी.

नोंदीचा कणा म्हणजे रिबेसिंगच का निवडले याचे कारण. पाया सच्छिद्र झाला आहे, वारंवार तडकतो आहे, त्याच्या कडा आखूड आहेत किंवा रंग पार बिघडला आहे, मात्र दात फारसे झिजलेले नाहीत आणि जबड्यांमधील उभे अंतर योग्य आहे, अशी स्थिती असेल तर रिबेसिंग सयुक्तिक ठरते. दातच झिजून सपाट झाले असतील किंवा हे अंतर कमी झाले असेल तर नवी कवळी करणे इष्ट, आणि पाया धड असून केवळ ढिला झाला असेल तर रिलाइनिंग पुरते. म्हणून जुनी कवळी कधी बसवली, आधी तिच्यावर कोणते काम झाले, हिरडीवर सूज किंवा जखम आहे का, हे सर्व लिहून कवळीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडावीत. सुजलेल्या हिरडीचे माप घेतल्यास नवा पायाही चुकीचा बसतो. त्यामुळे कवळी काही काळ काढून ठेवायला सांगितले किंवा टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम देणारे मऊ तात्पुरते अस्तर) वापरले, तर त्या भेटीही तारखेसह नोंदल्या पाहिजेत.

त्यानंतर कवळीतच झिंक ऑक्साइड युजेनॉल किंवा सिलिकोन या ठसा घेण्याच्या पदार्थाने माप घेतात, साचा ओततात, दातांची जागा प्लास्टरच्या ठशात धरून ठेवून जुना पाया कापून काढतात आणि नवे ॲक्रिलिक उष्णतेने पक्के करतात. एवढ्या अवधीत रुग्ण कवळीविना राहतो. जेवणाची ही अडचण वयस्क माणसाला आधी सांगितली होती, असे संमतीपत्रात नमूद असावे. लॅबला दिलेली कार्यचिठ्ठी आणि लॅबचे बिल केस पेपरलाच जोडणे उत्तम, कारण पूर्ण पाया बदलल्याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच असतो.

देयकाची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिकेत दंतसंघटनेच्या उपचारांच्या संकेतावलीनुसार (कोडच्या यादीनुसार) खालच्या पूर्ण कवळीच्या रिबेसिंगला डी ५७११ आणि खालच्या अर्धवट कवळीला डी ५७२१ हा संकेत आहे; त्याच पूर्ण कवळीचे रिलाइनिंग दवाखान्यातच केले तर डी ५७३१ आणि लॅबमार्फत केले तर डी ५७५१ लिहितात. जबडा दर्शवण्यासाठी ०२ हा अंक दिला जातो, एकेका दाताचा क्रमांक लागत नाही. हाडाची झीज रोगनिदानाच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात के ०८.२ खाली येते. रिलाइनिंग करून रिबेसिंगचा संकेत लावणे ही चूक नव्हे, तो खोटा दावा होय.

भारतातील खासगी दवाखान्यात असा संकेत सक्तीचा नाही, त्यामुळे शब्दांवरच सारा भार पडतो. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय, हिंगणा मार्गावरील खासगी दंत महाविद्यालये आणि धंतोली-रामदासपेठेतील दवाखाने अशा तिन्ही ठिकाणी हे काम होते, पण सर्वसाधारण आरोग्य विम्यात अपघाताखेरीजचे दंतोपचार सहसा वगळलेले असतात. केंद्र सरकारची आरोग्य योजना (सीजीएचएस) शहरात असून तिच्या सेवानिवृत्त लाभार्थ्याला परतफेड मागायची असेल, तर मंजुरीचा प्रश्न कवळी लॅबला जाण्यापूर्वीच सोडवावा लागतो. कापलेला पाया नंतर कोणाला दाखवता येत नाही. बिलावर ‘खालच्या पूर्ण कवळीचे रिबेसिंग, पाया बदलला, दात तेच’ असे स्पष्ट लिहावे, दवाखान्याची फी आणि लॅबचा खर्च वेगळा दाखवावा आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक द्यावा. उपचारात्मक दंतसेवेला वस्तू व सेवा करातून सूट असल्याने त्या कराची ओळ बिलात येत नाही. रोख रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असेल तर पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते. आरोग्य विमा नसलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीच्या वैद्यकीय खर्चाला प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०डीमध्ये ५०,००० रुपयांपर्यंत वजावट होती, मात्र त्यासाठी पैसे रोखीने दिलेले चालत नसत.

माप घेतल्याचा आणि कवळी ताब्यात दिल्याचा, असे दोन्ही दिवस लिहावेत. दावा कोणत्या तारखेने धरायचा हे पैसे देणाऱ्या संस्थेच्या नियमावर अवलंबून असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून कागद निदान तेवढा काळ तरी जपणे भाग आहे. कवळी दिल्यानंतरच्या पहिल्या भेटीत कुठे टोचते, काय घासून कमी केले आणि ते फीमध्येच धरले होते की वेगळे आकारले, हेही त्याच केस पेपरवर लिहितात.