नसबंदी न केलेल्या कुत्रीचे म्हातारपण : पार्श्वभूमी

कुत्रीला रजोनिवृत्ती नसते. दहा वर्षांची मादीही माजावर येते. तरुणपणी साधारण सहा-सात महिन्यांचे असलेले दोन माजांमधले अंतर तेवढे वाढत जाते. माज ओसरल्यावर गर्भ राहो वा न राहो, सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेले असते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाडावते, आकुंचन मंदावते, आणि योनिमार्गातून आत शिरलेले जंतू, बहुधा ई. कोलाय, तिथेच वाढू लागतात. हे वर्षानुवर्षे घडत राहिले की एखाद्या माजानंतर गर्भाशयात पू साचतो. पशुवैद्यक यालाच पायोमेट्रा म्हणतात. अस्तर जाडावण्यापासून पू होण्यापर्यंतच्या अवस्थांची मांडणी सी. डाउ यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. पुढच्याच दशकात माज पुढे ढकलण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनीही हाच विकार जडतो, असे दिसून आले.

नसबंदीच्या बाजूने आजही सांगितले जाणारे आकडे मात्र स्तनांच्या कर्करोगाचे आहेत. श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या माजापूर्वी नसबंदी झाल्यास धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के, असे त्यात आढळले. ही टक्केवारी नसबंदी न झालेल्या मादीच्या धोक्याच्या तुलनेतली आहे. दोन माज झालेल्या शंभरातल्या सव्वीस जणींना कर्करोग होतो, असा तिचा अर्थ नव्हे. पण दवाखान्यातल्या बोलण्यात ती सर्रास तशीच ऐकू येते. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये या विषयावरील सर्व अभ्यास पडताळण्यात आले, तेव्हा नसबंदीने स्तनांच्या गाठी टळतात याचा पुरावा दुबळा असल्याचा निष्कर्ष निघाला.

नसबंदी न केलेल्या माद्या म्हाताऱ्या होताना नेमके काय होते, हे अमेरिकेत मोजणे अवघडच होते, कारण तिथे घरच्या माद्यांची नसबंदी करण्याचाच रिवाज पडला. ते उत्तर स्वीडनमधून आले. तिथे १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्यांच्या नसबंदीला कायद्याने मनाई होती आणि नंतरही ती फारशी रुजली नाही. शिवाय कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत सर्वदूर होती. उप्सालाच्या संशोधकांनी त्या विम्याच्या दाव्यांतून मांडलेल्या हिशेबानुसार वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्या माद्यांना पायोमेट्रा होत होता, आणि जातीजातींत मोठी तफावत होती. माझ्या मते या विषयातला सर्वांत भरवशाचा आकडा हाच. तो नसबंदीच्या प्रचारासाठी जमवलेला नव्हता.

आपल्याकडे नसबंदीची चर्चा रेबीज आणि भटक्या कुत्र्यांच्या संख्येभोवती फिरत राहिली; २००१ चे केंद्राचे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम हे प्रामुख्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी आहेत. घरातल्या मादीचा निर्णय मालकावर सोडलेला असतो, आणि तो बहुधा लांबणीवर पडतो. मग माजानंतर महिना-दोन महिन्यांनी ती जेवण टाकते, पाण्याचे भांडे दिवसातून तीनदा भरावे लागते, ती शेपटीखाली सारखी चाटत बसते. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर अंथरुणावर पुवाचे डाग तरी दिसतात. ते मिटलेले असेल तर डाग पडत नाहीत, पोट तेवढे फुगत जाते, आणि शस्त्रक्रियेला वेळ फार थोडा उरतो.