उपदंश

ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्री जंतूमुळे होणारा, मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग. बोलीत गरमी, दवाखान्यात सिफिलिस. संसर्गानंतर साधारणपणे तीन आठवड्यांनी न दुखणारा व्रण उठतो व उपचारांविनाही भरून येतो. रोग मात्र शरीरात राहतो.

उगमाविषयी दोन मते आहेत. १४९५ च्या सुमारास नेपल्स येथे उसळलेली साथ कोलंबसाच्या खलाशांनी अमेरिकेतून आणली, हे एक. रोग यूरोपात आधीपासूनच होता व तेव्हा वेगळा ओळखला गेला, हे दुसरे. अमेरिकेतील प्राचीन अस्थींमधील जंतूंच्या डीएनएवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे पहिल्या मताचे पारडे जड झाले आहे. भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकातील समजल्या जाणाऱ्या भावप्रकाश या आयुर्वेदिक ग्रंथात फिरंगरोगाचे, म्हणजे उपदंशाचे, वर्णन असून त्यावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचे औषध, सांगितले आहे. त्या शतकात ठाणे-साष्टी पोर्तुगीजांकडे गेली व १७३७ पर्यंत त्यांच्याकडेच होती. कोकणपट्टीचा फिरंग्यांशी संबंध इतका जुना असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९४३ पासून पेनिसिलीन हाच मुख्य उपचार आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे एकच इंजेक्शन पुरते. रोग जुना असल्यास दर आठवड्याला एक अशी तीन. पूड पाण्यात कालवली की दुधासारखा दाट द्राव होतो, म्हणून जाड सुई लागते आणि कुल्ल्यात सावकाश टोचावे लागते. त्याच रात्री ताप व अंगदुखी येऊ शकते. ही बहुधा मेलेल्या जंतूंवरची प्रतिक्रिया असते, एका दिवसात ओसरते. तिला घाबरून उपचार सोडणे घातक. जननेंद्रियावरील व्रणासाठी शासकीय सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, मिळणाऱ्या पांढऱ्या किटमध्ये या इंजेक्शनबरोबर ॲझिथ्रोमायसीनही असते. ठाण्यातील कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असून तेथे त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. १०९७ या निःशुल्क क्रमांकावर जवळच्या केंद्राची चौकशी करता येते.

उपचारानंतर व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्ततपासणी ३, ६ व १२ महिन्यांनी करतात. रक्तातील प्रतिपिंडांची पातळी चौपट उतरली तर उपचार लागू पडला असे समजतात. जोडीदाराला औषध दिले नाही तर संसर्ग पुन्हा होतो. निरोध बराच उपयोगी, पण झाकल्या न गेलेल्या त्वचेवरील व्रणातूनही लागण होऊ शकते. नवी मुंबईतील वाशी-तुर्भ्याच्या बाजारात येणारे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम विशेष लक्ष देतो. मात्र तपासणी त्यांच्यापुरती ठेवणे चूक ठरेल, कारण लक्षण नसलेली गर्भवतीही बाळाला रोग देऊ शकते आणि त्यातून गर्भपात, मृतजन्म संभवतो. म्हणून पहिल्याच भेटीत रक्त तपासतात. गर्भारपणात पेनिसिलीनला पर्याय नाही, आणि ते प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी दिलेले असावे लागते.