आधी पंखा, मग रॅम, प्रोसेसर जमलाच तर

मे महिन्यातल्या दुपारी सांगलीत, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर खोलीचा पारा सहज ३८ अंशांवर जातो. जानेवारीत साताऱ्यातल्या खोलीत तोच २० वर असतो. जुना गेमिंग लॅपटॉप एकच आणि गेम एकच असला, तरी या दोन खोल्यांत तो दोन वेगळ्या यंत्रांसारखा वागतो. प्रोसेसर ठरावीक वॅट वीज खात असेल, तर तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनीच जास्त तापतो. हा फरक ६५ अंशांचा धरा. साताऱ्यात प्रोसेसर ८५ वर थांबेल. सांगलीत हिशोब १०३ वर जातो, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या अनेक आय-७ प्रोसेसरची मर्यादा आहे १०० अंश. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग पाडतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. गेम पहिली दहा मिनिटं सुरळीत चालून मग अडखळू लागला, तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

म्हणून त्याचा वेग वाढवायला नवा भाग विकत घ्यायच्या आधी खालचं झाकण उघडा. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्या यांच्यामध्ये धुळीचा लोकरीसारखा थर बसलेला असतो. बाहेरून जाळीतून तो दिसतही नाही. आपल्याकडे गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून येणारी काजळी त्यात भर घालते, कारण ती चिकट असते आणि नुसत्या हवेनं सुटत नाही. पंखा स्क्रू काढून बाजूला करा, थर चिमट्यानं उचला आणि पात्या रंगाच्या मऊ ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारायचाच असेल, तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. नाहीतर तो नको तेवढ्या वेगानं फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

आता रॅम, म्हणजे चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी. खर्चाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवायला लागतं. रॅममधली गोष्ट साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. हार्ड डिस्कला त्यासाठी १० मिलिसेकंद तरी लागतात, म्हणजे एक लाख पट. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जुन्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतून, हळद काढण्यासारखाच हा प्रकार: पेव फोडायचं, आतली कोंदट हवा जाईपर्यंत थांबायचं, मग माणूस खाली उतरवायचा. सौद्याला बसलेल्या गिऱ्हाइकासमोर पसरलेल्या हळदीशी त्याची तुलनाच नाही. रॅमचा एक सेकंद धरला, तर हार्ड डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. एसएसडी बसवली तर हे सोळा-सतरा मिनिटांवर येतं. ८ जीबीवरून १६ वर गेल्यावर सेकंदाला दिसणाऱ्या सरासरी फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण मध्येच येणारे ते झटके जातात. खेळताना त्रास होतो तो त्या झटक्यांचाच.

रॅमची एक पट्टी की दोन, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. १६०० वेगाची डीडीआर-३ (जुन्या लॅपटॉपमधला रॅमचा प्रकार) पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माल वाहते, दोन पट्ट्या मिळून २५.६. जुन्या गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड वेगळं असलं, तरी बऱ्याच मॉडेलमध्ये त्यानं काढलेलं चित्र मुख्य रॅममधूनच प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे आणि तिथून पडद्यावर जातं. म्हणून ८ ची एक घेण्यापेक्षा ४ च्या दोन बऱ्या, आणि सगळ्यात चांगल्या ८ च्या दोन. ४ आणि ८ अशी जोडी लावली तरी चालते. पहिले ८ जीबी दुहेरी वाटेनं जातात, उरलेले ४ एकेरी.

खरेदीच्या आधी जुनी पट्टी काढून तिच्यावरचा स्टिकर वाचा. ‘पीसी३एल-१२८००एस’ असं काहीतरी असेल. पीसी३ म्हणजे डीडीआर-३. त्यापुढचा एल म्हणजे १.३५ व्होल्टची, १२८०० हा सेकंदाला मेगाबाइटमधला वेग, आणि एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी. हा एल फार जण विसरतात. तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची साधी डीडीआर-३ चालते. चौथ्या पिढीला एलच लागते. साधी बसते, कारण दोन्हींना २०४ पिना आणि खाच एकाच जागी, पण मशीन सुरू होत नाही. डीडीआर-४ ला २६० पिना, खाच वेगळी आणि व्होल्टेज १.२, त्यामुळे ती चुकून बसण्याची भीती नाही.

बसवताना चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आतली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे कपॅसिटरमधला उरलासुरला चार्ज उतरतो. स्क्रू पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला, तर वरच्या बाजूला फुगवटा येतो, कधी बोर्डही जातो. रबरी पायांखाली एखादा स्क्रू लपलेला असतोच. झाकण निघत नाही म्हणून जोर लावू नका, आधी तो शोधा.

पट्टी ३० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. दिवा लागला, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला, तर दहापैकी आठ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. एकेक पट्टी, एकेक स्लॉट असं करून पाहा. पहिल्यांदा सुरू व्हायला मिनिटभर लागू शकतं, घाबरून लगेच बंद करू नका. सुरू झाल्यावर मेमटेस्ट-८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली, तरी पट्टी परत करा.

प्रोसेसरचं गणित मात्र वेगळं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एचक्यू, एच किंवा यू असेल, तर तो बोर्डावर झाळलेला आहे, विषय संपला. एमक्यू, क्यूएम किंवा नुसता एम असेल तर आशा आहे, आणि तीही चौथ्या पिढीपर्यंतच. पाचव्या पिढीपासून इंटेलनं लॅपटॉपमधलं सॉकेटच काढून टाकलं. तिसऱ्या पिढीचं सॉकेट जी-२, चौथ्याचं जी-३. एकमेकांत काही बसत नाही.

समजा आय-५ ४२००एम आहे: दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ३७ वॅट. लोक लगेच आय-७ ४७००एमक्यू शोधतात. त्याला चार कोअर आहेत, पण ४७ वॅट. हे जास्तीचे १० वॅट त्याच तांब्याच्या नळीतून, त्याच पंख्यानं बाहेर जायचे असतात, आणि ती नळी बहुतेकदा ग्राफिक्स चिपशी वाटून घेतलेली असते. सांगलीच्या उन्हाळ्यात हा सौदा आतबट्ट्याचा. आय-७ ४७०२एमक्यू पाहा: चार कोअर, आठ थ्रेड, वेग २.२ ते ३.२ गिगाहर्ट्झ, आणि वॅट तेच ३७. हे भाग आता जुनेच मिळतात, म्हणून चिपेवर एसआरनं सुरू होणारा पाच अक्षरी कोड आहे का बघा. क्यूनं सुरू होत असेल तर तो चाचणीचा नमुना, घेऊ नका.

बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आधी अद्ययावत करा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या हीटसिंकच्या स्क्रूंवर आकडे असतात: सोडवताना उलट क्रमानं, आवळताना सुलट. सॉकेटच्या कडेचा स्क्रू चपट्या पेचकसानं अर्धा वळसा फिरवला की प्रोसेसर सुटतो. नवा ठेवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसला पाहिजे. दाबावं लागत असेल तर काहीतरी वाकडं आहे, आणि साडेनऊशे पिनांपैकी एक वाकली तरी सगळा खर्च पाण्यात.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नवी तांदळाच्या दाण्याएवढी घ्या आणि उघड्या चिपेवर पातळ पसरा. शेजारच्या मेमरी चिपांवरचे निळे-राखाडी पॅड फाटले, तर तिथे पेस्ट लावू नका. त्या फटी अर्धा ते दीड मिलिमीटरच्या असतात, पेस्ट त्या भरत नाही. जाडी मोजून त्याच मापाचे पॅड आणा.

प्रोसेसर झाळलेला असेल, तर त्याचं व्होल्टेज उतरवून पाहा. चालताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गावर ठरते: १.१० वरून १.०२ केलं, तर त्याच वेगाला ती जवळपास १४ टक्क्यांनी घटते. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्ये २०-२० मिलिव्होल्टच्या पायरीनं उतरा. मशीन अडकलं की एक पायरी वर या. काही लॅपटॉपमध्ये २०१९ नंतरच्या बायॉसनं ही सोय बंद केली आहे.

शेवटी वीस मिनिटं गेम चालवून तापमान आणि वेग दोन्ही नोंदवा, खोलीचा पारासुद्धा. ४७०२एमक्यूचा वेग २.२ च्या खाली जात असेल, तर पेस्ट नीट बसलेली नाही किंवा पॅड जाड झालं आहे. हीटसिंक पुन्हा काढा.