संवाद सहायक (मराठवाडा)

1993 च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांत घरदुरुस्तीच्या कामासाठी नेमलेल्या, त्याच गावांतल्या स्त्रिया. गावकरी आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा, हे त्यांचे काम.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला तेव्हा लोक आदल्या दिवशीचे गणेश विसर्जन उरकून झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक माळवदांखाली. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी तुळ्या-फळ्या आणि गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी घातलेल्या मातीचा वर्षागणिक वाढत गेलेला थर, अशी ही घरे. उन्हाळ्यात ती गार राहत. डोक्यावरचे ओझे कोणाला खटकले नव्हते.

पुरती उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. बाराशेहून अधिक गावांत मात्र जागतिक बँकेच्या साहाय्याने घरमालकांनीच दुरुस्ती करायची होती. तेथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतून संवाद सहायक उभ्या केल्या. मदतीच्या यादीत कोणाचे नाव सुटले, कोणाचा हप्ता अडकला, भिंतीचे आतले-बाहेरचे थर जोडणारा आरपार दगड बसवला का, काँक्रीटच्या पट्ट्यात सळई सलग आहे का, त्यावर पाणी मारले जाते का, हे त्या दारोदार जाऊन पाहत. तोवर ग्रामसभेत मागे पदर ओढून बसणाऱ्या बायका इंजिनिअरला हिशेब विचारू लागल्या. गवंड्यांना ते प्रथम रुचणे अवघडच होते. घरचे माणूस गमावलेल्या बाईला कोरड्या उपदेशापेक्षा हे काम अधिक मानवले असावे. निदान घराबाहेर पडायला लोकांना पटेल असे कारण मिळाले.

सगळ्यांचेच सावरणे असे झाले नाही. नव्या वसाहती शहरी कॉलनीसारख्या आखल्या गेल्या. भावकी पांगली, शेत लांब पडले. पक्के घर मिळूनही छताच्या धास्तीने कित्येक जण पत्र्याच्या शेडमध्येच झोपत.

दुरुस्ती संपल्यावर या ओळखीतून बचत गट वाढले. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तेथील बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्याच संस्थेच्या ‘एक एकर’ शेतीने जोर धरला : घरच्या जमिनीपैकी एक एकर बाईने घ्यायचा आणि त्यात सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला असे घरात खाल्ले जाणारे पीक कमी पाण्यावर काढायचे. या कामासाठी संस्थेला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सातबाऱ्यावर बहुतेकींचे नाव नसते, त्यामुळे हा एकर नवऱ्याकडून नाहीतर सासऱ्याकडून मागूनच घ्यावा लागतो.