डंप हिरवा झाला म्हणजे खाण बरी झाली असं नाही

गोव्यात डिचोली, सांगे, धारबांदोडा या बाजूला गेलात की लोहखनिजाच्या खाणींचे डंप, म्हणजे उपसलेल्या माती-दगडांचे ढीग दिसतात, लांबून चक्क डोंगरच वाटतात, आणि पावसाळ्यात तर एवढे हिरवे की पाहुणे मंडळी थांबून फोटो काढतात. जवळ जाऊन बघा मात्र. वर अकेशियाची झाडं, खाली रानमोडीचं झुडपी तण, मधेमधे घाणेरी, संपला विषय. याला जंगल म्हणायचं असेल तर म्हणा, मी नाही म्हणणार.

मुळात डंप आले कुठून? आपल्याकडे एक टन लोहखनिज काढायचं तर साधारण अडीच-तीन टन माती-दगड आधी उपसावे लागतात, ते टाकायचे कुठे, तर बाजूला ढीग. 2012 ला खाणी थांबल्या, मधे थोड्या चालू झाल्या, मग फेब्रुवारी 2018 मधे सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज, म्हणजे भाडेपट्टे रद्द केले आणि मार्चपासून सगळं परत ठप्प. यंत्रं गेली, माणसं गेली, बऱ्याच ठिकाणी डंपकडे बघणारं कोणी राहिलं नाही आणि तणाला रान मोकळं.

डंपवर जे असतं ती माती नव्हेच. जमिनीच्या खूप खालून आलेला माल तो, त्याने कधी झाडाचं मूळ बघितलेलं नाही. नायट्रोजन जवळपास नाही, कुजलेला पालापाचोळा नाही, आणि थोडाफार फॉस्फरस असला तरी लोहाचे ऑक्साइड त्याला असे धरून ठेवतात की मुळांना मिळतच नाही. कोळशाच्या खाणीची गोष्ट वेगळी, तिथल्या दगडात पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं, हवा-पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं, म्हणून तिथे चुना घालायला लागतो, शिवाय कोळसा आपोआप पेटतो, झारखंडात झरियाला 1916 पासून आग धुमसतेय. आपल्या ऑक्साइडच्या मालात ॲसिडचा त्रास तसा कमी. आपला शत्रू पाऊस. चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाणी सुट्या उतारावर पडलं की लाल गाळ सरळ खालच्या भातशेतात, आणि तो वाळला की वर कडक थर.

म्हणून घाईघाईत अकेशिया लावलं गेलं. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचं झाड, मुळावरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात त्यामुळे भिकार जमिनीतही वाढतं, गुरं खात नाहीत, भराभर हिरवं होतं. म्हणजे रिपोर्टमधे फोटो लावायला एकदम फर्स्टक्लास. पण त्याचं पान म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ, जाड आणि चामड्यासारखा, तो लवकर कुजत नाही, खाली गादी तयार होते आणि माट्टी, किंदळ, जांभूळ या इथल्या झाडांची रोपं त्यातून वर यायला मागत नाहीत.

आणि जिथे ऊन मिळेल तिथे रानमोडी. मूळची अमेरिकेतली, आता सगळ्या कोकणपट्टीत. पावसाळा संपला की फुलते, पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला केसाळ हलकं बी वाऱ्यावर सुटतं, आणि उघडा डंप म्हणजे तिला आयतं शेत. वाळली की पेटते, आग लागली की बाकीची रोपं मरतात, ही मात्र बुडख्यातून परत फुटते. त्यामुळे उन्हाळ्यात कोयत्याने छाटणं किंवा जाळणं म्हणजे मजुरीचे पैसे फुकट. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे, जमीन ओली आणि फूल यायचं असताना, मुळासकट उपटायची. तणनाशक मारायचा मोह होतो पण उतारावरचं पाणी शेवटी कोणाच्या तरी ओहोळात, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जातं हे विसरू नये. इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनीत हिच्या खोडावर गाठ पाडणारी एक छोटी माशी सोडली, तिने बरंच काम केलं, ती माशी भारतातही आणलीय, पण नुसत्या माशीवर विसंबून चालणार नाही.

एक मात्र सांगतो, अख्खा उतार एकदम साफ करू नका. कितीही वाईट असली तरी त्या रानमोडीच्या मुळांनी तो ढीग धरून ठेवलाय, सगळी उपटली तर पहिल्या मोठ्या पावसात घळी पडतील. आडव्या पट्ट्या करायच्या, एक पट्टी मोकळी करून काथ्याची जाळी अंथरायची, वाळा आणि गवत लावायचं, मधे करंज, आवळा, बांबू, ते धरले की पुढच्या वर्षी शेजारची पट्टी. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजून जातो, तोवर मुळं पसरलेली असतात. रानमोडीला ऊन लागतं, सावली पडली की ती आपोआप मागे हटते, म्हणजे खरं तणनाशक म्हणजे वरची गच्च सावलीच, फक्त ती यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत दरवर्षी माणूस लागतो. पैसे अडतात ते इथेच, लागवडीला नाही.

2022 च्या शेवटापासून खाणींच्या ब्लॉकचा, म्हणजे खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झालाय, म्हणजे नवीन उपसा आलाच. वरची फूट-दीड फूट काळपट माती वेगळी काढून ठेवायची हा नियम चांगलाच आहे. पण ती माती उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली तर आत हवा जात नाही, मुळांना फॉस्फरस मिळवून देणारी बुरशी मरत जाते आणि ढिगावर मस्त रानमोडी माजते, मग तीच बीभरली माती आपण हौसेने डंपवर पसरतो. तेव्हा ढीग बुटका ठेवा, त्यावर पहिल्याच पावसात ताग पेरा, आणि जमेल तेवढ्या लवकर ती वापरा.