साठ तासांच्या गाण्यामागचा नॉर्वे

नोव्हेंबर २०१४ मध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने, म्हणजे एनआरकेने, त्रोनहेम शहरातून एक कार्यक्रम थेट दाखवला. नॉर्वेच्या चर्चच्या नव्या गीतपुस्तकातलं पहिल्यापासून शेवटपर्यंतचं प्रत्येक गीत, क्रमाने, मध्ये न थांबता. जवळजवळ ९०० गीतं आणि सुमारे ६० तास. पहाटे तीन वाजताही कुठला तरी गायकवृंद गात होता आणि घराघरांतून लोक जागे राहून ऐकत होते.

एनआरकेची ही पहिली जागरणं नव्हती. २००९ साली बर्गेन ते ओस्लो हा सात तासांहून थोडा जास्त रेल्वेप्रवास त्यांनी न कापता दाखवला होता. २०११ मध्ये बर्गेनहून किर्केनेसला जाणाऱ्या बोटीची सफर सलग १३४ तास दाखवली. २०१३ च्या फेब्रुवारीत सरपणावर कार्यक्रम झाला: लाकूड कसं फोडायचं, कसं रचायचं, आणि मग रात्रभर शेकोटीत जळणारी लाकडं. बाहेरच्या देशांत याकडे बहुतेकांनी गंमत म्हणून पाहिलं. मला ते अपुरं वाटतं. रोजची गोष्ट पूर्ण लांबीची, काटछाट न करता नोंदवून ठेवावी, ही ओढ नॉर्वेत जुनी आहे, आणि संगीतात ती सगळ्यात स्पष्ट दिसते.

१८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कपासून सुटला आणि त्याच वर्षी स्वीडनच्या राजाखाली गेला. स्वतःची राज्यघटना होती, पण कागदोपत्रीची भाषा डॅनिशच राहिली, आणि शहरातल्या सुशिक्षितांचं संगीत जर्मन वळणाचं. आपलं म्हणावं असं काय आहे, हा प्रश्न पुढची कित्येक दशकं धगधगत होता. उत्तर शोधणारे लोक डोंगरातल्या वाड्यावस्त्यांकडे वळले. कुणी लोककथा गोळा केल्या, तर कुणी पोवाड्यांसारखी जुनी कथागीतं. सुरांचं काम लुडविग मथियास लिंडेमान याच्याकडे आलं.

लिंडेमान १८१२ साली त्रोनहेममध्येच, ऑर्गनवादकाच्या घरात जन्मला. पुढे ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, तो मुख्य चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि १८८७ मध्ये वारला तोवर त्या पदावर राहिला. १८४८ मध्ये अनुदान घेऊन तो वाल्द्रेस भागात हिंडला. शेतकरी, मोलकरणी, म्हातारे गायक यांच्यासमोर बसून त्याने त्यांच्या चाली उतरवून घेतल्या. पुढच्या दौऱ्यांनंतर हा साठा दोन हजारांच्या वर गेला. १८५३ पासून त्यातल्या चाली पियानोसाठी बांधून छापल्या जाऊ लागल्या. आणि याच माणसाने चर्चमधल्या गीतांनाही नव्या चाली दिल्या. त्यातल्या काही आजही त्या गीतपुस्तकात आहेत. त्रोनहेममधले ते ६० तास म्हणूनच मला एका अर्थाने लिंडेमानच्या घरी परतण्यासारखे वाटतात.

लिंडेमानचं चाली उतरवून घेण्याचं हे काम वेळेवर झालं, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या खेड्यांतून धार्मिक जागृतीची लाट गेली. नाच आणि त्याचं वाद्य पापाचं ठरलं. कित्येक वादकांनी वाजवणं सोडलं, आणि काही ठिकाणी वाद्यं जाळली गेली. ते वाद्य म्हणजे हार्डांगर फिडल. व्हायोलिनसारखंच, शिंपल्यांची आणि शाईच्या वेलबुट्टीची नक्षी असलेलं. त्याच्या वाजणाऱ्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. गज त्यांना लागत नाही, त्या आपोआप घुमतात. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा घुमारा लगेच ओळखीचा वाटेल.

हे वाद्य मैफलीचं नव्हे, लग्नघराचं. लग्न कित्येक दिवस चाले. वरात चर्चकडे निघाली की एक चाल, ताटं आली की दुसरी, आणि मग रात्रभर नाच. पहाटेकडे वाजवायच्या काही चालींबद्दल तर असं सांगतात की वादकाचं भान हरपे आणि त्याच्या हातातून वाद्य काढून घ्यावं लागे. या चालींची नावंही माणसांची आणि जागांची. तेलेमार्क भागातला वादक हावार्ड गिबोएन याची एक चाल ओतेरहोल्ट पुलावर पडलेल्या स्वप्नाच्या नावाने ओळखली जाते. त्याच भागातला सर्वांत नावाजलेला वादक तोर्गाय आउगुन्सोन हा गिरणीवाल्याचा पोर, म्हणून त्याला म्यूलार्गुतेन म्हणत. १८४९ मध्ये जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक ओले बुल याने त्याला ख्रिस्तियानियात आणून रंगमंचावर उभं केलं. तरी १८७२ मध्ये तो गरिबीतच मेला.

नॉर्वेचा प्रसिद्ध संगीतकार एडवर्ड ग्रीग याला या जगाची ओळख आधी लिंडेमानच्या छापील पुस्तकांतून झाली. १८७० मधला पंचवीस लोकगीतांचा त्याचा संच त्यातूनच आलेला आहे. पण कागदावरून घेणं आणि कानाने घेणं यात फरक असतो. १८९१ च्या उन्हाळ्यात योटुनहाइमेनच्या डोंगरात ग्रीगने येन्दिने स्लोलीन या तरुणीचं अंगाईगीत ऐकलं. ती उन्हाळी कुरणावर गुरं सांभाळायची. ग्रीगचा मित्र फ्रान्त्स बायर अशा चाली टिपून ठेवत असे. पुढे ग्रीगने त्यातल्या एकोणीस चाली पियानोसाठी लिहिल्या. गुरांना घरी बोलावण्याच्या हाका त्यात आहेत, आणि येन्दिनेची अंगाईही आहे. त्यातले स्वर ऐकताना जाणवतं की ग्रीगने मूळ चालीला धक्का लावलेला नाही. धाडस आहे ते खालच्या स्वरसंगतीत. येन्दिने १९७२ पर्यंत, वयाच्या शंभरीपर्यंत जगली. संगीताच्या इतिहासात तिचं नाव ग्रीगच्या नावाच्या सावलीत राहिलं, याची मला खंत वाटते.

दुसरा असा माणूस क्नुत दाले. तेलेमार्कचा हा वादक म्यूलार्गुतेनकडून आणि गिबोएनकडून शिकलेला. आपल्याबरोबर या चालीही जातील, ही त्याला धास्ती होती. १८८८ मध्ये त्याने ग्रीगला पत्र लिहून चाली उतरवून घेण्याची विनंती केली, पण तेव्हा काही झालं नाही. १९०१ मध्ये, सत्तरीकडे झुकलेला असताना, त्याने पुन्हा लिहिलं. ग्रीग स्वतः व्हायोलिन वाजवणारा नव्हता. त्याने हे काम राष्ट्रीय नाट्यगृहाचा संगीतसंचालक आणि उत्तम व्हायोलिनवादक युहान हाल्वोर्सेन याच्यावर सोपवलं. त्या नोव्हेंबरमध्ये दाले राजधानीत आला, आणि हाल्वोर्सेनने सतरा चाली कागदावर आणल्या. काम किचकट होतं. चालीगणिक तारा वेगळ्या जुळवलेल्या, एका वेळी दोन तारा वाजणाऱ्या, आणि ठोका पाश्चात्त्य मोजणीत सरळ न बसणारा. १९०३ मध्ये लाइप्झिगहून या चालींवरची ग्रीगची पियानोरचना, ओपस ७२ (म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला ७२ वा क्रमांक), प्रसिद्ध झाली. तिच्याबरोबर हाल्वोर्सेनचं मूळ व्हायोलिनलेखनही छापावं, हा ग्रीगचा आग्रह होता. मला हा निर्णय त्या पियानोरचनेइतकाच मोलाचा वाटतो. ग्रीगने काय बदललं, हे आजही कुणालाही ओळीला ओळ लावून तपासता येतं.

ग्रीग १९०७ मध्ये गेला. दाले १९२१ पर्यंत होता, आणि त्याच्याच चाली त्याचा नातू योहानेस पुढे वाजवत राहिला. योहानेसचं वादन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. रात्री वेळ असेल तर आधी ते ऐकावं, मग ओपस ७२. पियानोत ठोका जिथे सरळ होतो, तिथे नातवाच्या गजात तो अजून वाकलेला आहे. तो वाक स्वरलिपीच्या पाच रेघांत लिहिताना हाल्वोर्सेनला किती कष्ट पडले असतील, ते तिथे ऐकू येतं.